गाळलेलं पाणी

साक्षीचा हात पुन्हा वर झाला.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, 'सा' लिहिलेल्या काळ्या चौकटीत छोटासा पिवळा पंजा उगवला आणि तिथंच थांबला. राजेश्री त्या वेळी कांद्याच्या मुळाचं टोक ब्लेडने कापत होती. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर तिने मोबाइल कपडे वाळत घालायच्या चिमट्याने अडकवला होता. लॅपटॉप जुन्या पुस्तकांच्या थप्पीवर होता आणि त्यात एकतीस चौकटी होत्या. त्यातल्या एकोणतिसांचे कॅमेरे बंद. तिने ब्लेड बशीत ठेवलं, बोटं पदराला पुसली आणि माउसच्या एका टिचकीने तो हात खाली केला.

"तर पेशींचं विभाजन सकाळीच पाहायचं," ती म्हणाली. "कारण मुळाच्या टोकाला सकाळी घाई असते. तुम्हाला नसते, ते वेगळं."

कोणी हसलं असलं तरी ऐकू येणार नव्हतं. वर्गात सगळ्यांचे माइक तीच बंद ठेवायची. सुरुवातीला तिने ते चालू ठेवून पाहिले होते. मग कोणाच्या घरातली शेळी ओरडायची, कोणाकडं मिक्सर फिरायचा, आणि एकदा तर पेशीभित्तिका ऐन रंगात आलेली असताना बजरंगच्या आजोबांनी मध्येच तोंड घालून हरभऱ्यावरच्या अळीला काय मारावं ते विचारलं होतं. त्या दिवसापासून चाळीस मिनिटं फक्त मॅडम बोलायच्या. ज्याला काही विचारायचं असेल त्याने पडद्यावरचा हात वर करायचा.

तिने मुळाचं टोक काचपट्टीवर ठेवून रंगवलं, वर पातळ काचेची झाकणपट्टी ठेवली, अंगठ्याने हलकेच दाबली. तेवढ्यात पिवळा पंजा परत आला. तिने तो परत खाली केला. तिचा अंगठा काचेवर जरा जास्तच दाबला गेला आणि झाकणपट्टीला तडा गेला.

साक्षीला जाऊन एक्केचाळीस दिवस झाले होते.

परभणीतल्या त्या कॉलेजची ही ऑनलाइन तुकडी खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी होती. गावात विज्ञानाचं अकरावी-बारावी नाही, आणि रोज गाडीने यायचं तर अर्धा दिवस रस्त्यातच जातो, अशी ही मुलं. शिकवणं पडद्यावर, आणि प्रयोग ज्याच्या त्याच्या घरी. त्यासाठी राजेश्रीने स्वतः खपून एक पेटी तयार केली होती. त्यात पुठ्ठ्याचा घडीचा सूक्ष्मदर्शक, दहा काचपट्ट्या आणि त्यांवरच्या झाकणपट्ट्या, ड्रॉपर, दोन रंगांच्या कुप्या आणि एक छोटी प्लॅस्टिकची बाटली. पेट्या रेल्वेच्या पासवाल्यांच्या हाती गावोगाव पोचल्या. मुलांनी प्रयोग करायचा, भिंगाला मोबाइल लावून फोटो काढायचा, पाठवायचा. सहकारी तिला हसले होते. पेट्यांमध्ये मुलं बांगड्या ठेवतील, म्हणाले होते. साक्षीने पहिल्याच आठवड्यात मुंगीच्या पायाचा असा फोटो पाठवला की राजेश्रीने तो स्टाफरूममध्ये सगळ्यांना फिरवून दाखवला. चुडाव्याच्या एका गवंड्याची मुलगी होती ती. वर्ग आठचा असेल तर सात अठ्ठावन्नला हजर असायची.

आणि ही चौकटही गेले बारा दिवस सात अठ्ठावन्नलाच येत होती.

पहिल्या दिवशी ते नाव पाहून राजेश्रीच्या हातातला चहा तसाच गार झाला. मग तिने स्वतःला समजावलं की फोन घरातल्या कोणीतरी घेतला असेल, चुकून बोट लागलं असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी एकदा वर्ग सुरू होण्याआधी त्या चौकटीचा माइक चालू राहिला होता. आतून काहीतरी थापल्याचा आवाज येत होता, संथ, एका लयीत. कोणी बोललं नाही. राजेश्रीने माइक बंद केला आणि मग कितीतरी वेळ तिच्या लक्षात आलं नाही की तो भाकरी थापायचा आवाज होता.

प्राचार्यांनी ते नाव पटावरून कमी करायला दोनदा सांगितलं होतं. तिने ते केलं नव्हतं. तरी हजेरी घेताना ती सतरा महारुद्र म्हणायची आणि पुढं सरळ एकोणीस अपेक्षा. मधला अठरावा, साक्षीचा क्रमांक ती गाळायची. मुलांनाही ते कळत असणार. पण बंद माइकमागं कोण काय म्हणतंय हे तिला कधी कळायचं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं तिला बरंच वाटायचं.

कारण तिला त्या घराची भीती वाटत होती. त्या फोनची तर फारच.

नववा प्रयोग सोपा होता. तळ्यातलं किंवा डबक्यातलं पाणी आणायचं आणि त्याच्या एका थेंबात काय काय जिवंत आहे ते पाहायचं. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी ती एकतीस जणांचे फोटो तपासायला बसली होती. सहा जणांनी सरळ इंटरनेटवरची चित्रं चिकटवली होती, त्यातल्या एकावर तर परदेशी विद्यापीठाचं नावही तसंच होतं. तिचं डोकं तापलेलं असताना साक्षीचा फोटो समोर आला. काच स्वच्छ. एक जीव नाही, शेवाळाचा धागा नाही, मातीचा कण नाही. हे नळाचं पाणी होतं. राजेश्रीने माइकचं चिन्ह दाबून धरलं आणि जे तोंडाला आलं ते बोलून पाठवून दिलं. पुन्हा कर, उद्या आठच्या आत पाठव.

दुसऱ्या दिवशी आठच्या वर्गाला साक्षी नव्हती. अकरा वाजता तिच्याच गल्लीतल्या प्रियांकाचा मेसेज आला. माणिकरावांच्या शेततळ्यात, सकाळी.

ते शेततळं राजेश्रीने पाहिलं नव्हतं, पण तसली पुष्कळ पाहिली होती. तळाशी आणि उतारावर अंथरलेला काळा प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर बुळबुळीत शेवाळ. आत गेलेल्या माणसाला हाताने धरायला काही नसतं.

ती अंत्यविधीला गेली नाही. पुण्यानुमोदनाच्या विधीलाही गेली नाही, कॉलेजातून हार पाठवला. तिसऱ्या दिवशी तिने फोन उघडून तो निरोप पुसायला घेतला. पण साक्षीच्या फोनातूनही पुसायची मुदत उलटून गेली होती. तिच्या स्वतःच्या फोनातून तेवढा तो गेला. त्यानंतर ती त्यातले शब्द आठवायला जाई तेव्हा दर वेळी ते थोडे मऊ होत. हळूहळू तिची खात्रीच झाली की आपण 'जमलं तर उद्या पाठव बेटा' असं काहीसं म्हणालो होतो.

वर्ग संपला. मुलं एकेक करून निघून गेली. 'सा' तशीच होती. राजेश्री वर्ग बंद करणार तेवढ्यात प्रियांकाचा मेसेज आला.

"मॅडम, त्या साक्षीच्या आई आहेत. हात वर कसा करायचा ते मीच त्यांना शिकवलं. त्यांना तुम्हाला काहीतरी सांगायचंय. तुम्ही रोज हात खाली करता."

राजेश्रीने लॅपटॉप मिटला. फोन करून बोलता आलं असतं. तिने दोनदा नंबर लावला आणि दोन्ही वेळा पहिली रिंग जायच्या आत तोडला. त्या बाईला काय सांगायचं असणार हे तिला माहीत होतं, आणि ते ऐकायचंच असेल तर समोर बसून ऐकावं एवढीच लाज तिच्यात उरली होती.

रविवारी ती पॅसेंजरने चुडाव्याला उतरली. प्रियांका स्टेशनावर आलेली होती. वेण्या घट्ट घातलेली, पडद्यावर दिसते त्याहून बरीच लहान दिसणारी मुलगी. रस्ताभर ती फार बोलली नाही. एका वळणावर राजेश्री थबकली आणि तुरीच्या शेतापलीकडं पाहू लागली. तिकडं मातीचा उंच बांध होता.

"ते न्हाई मॅडम," प्रियांका म्हणाली. "ते दुसऱ्याचं हाय. माणिकरावाचं तिकडं, ओढ्याच्या अंगाला. आता तारेचं कुंपण केलंय त्यांनी."

घर दोन खोल्यांचं, वर पत्रे. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि खाली नव्या चौकटीत साक्षी. कॉलेजच्या ओळखपत्रासाठी काढलेला फोटो मोठा करून घेतला होता, त्यामुळं तो जरा पुसट आला होता. साक्षीचे वडील सिद्धोधन पूर्णेला कामावर गेले होते. चांगुणाबाई दारातच उभ्या होत्या. चाळिशीच्या आतबाहेरची, वाळलेली बाई. डोळे मात्र स्थिर होते.

"जयभीम मॅडम. या. बसा."

त्यांनी सतरंजी झटकून टाकली. कोपऱ्यात माठ होता, त्याच्या तोंडावर दुहेरी पांढरं फडकं बांधलेलं. फडकं सोडून, फुलपात्र बुडवून त्यांनी पाणी आणलं. राजेश्रीने ते सगळं पिऊन टाकलं, कारण पिताना बोलावं लागत नव्हतं.

"तुमी हात खाली करायलते," चांगुणाबाई म्हणाल्या.

"हो."

"वर्ग चालू असायचा. तुमचं बी बरोबर हाय."

"नाही. बरोबर नव्हतं ते. मी घाबरले होते."

चांगुणाबाईंनी मान हलवली. फळीवर साक्षीचा फोन चार्जिंगला लावलेला होता. त्यांनी तो वायरीतून काढून पदराने पुसला.

"मला वाचता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "पण बोललेलं ऐकता येतंय. हिनंच, पियूनं दाखवलं, हितं दाबलं की बोलतंय. लेकीच्या फोनात तुमचं लय बोलणं हाय मॅडम. रोज भाकरी करताना लावते. पहिल्यापासून लावलं. पानाला हिरवा रंग कामून असतो ते. रगत लाल कामून. असं ऐकत ऐकत खाली आले."

त्यांचा अंगठा पडद्यावर सरकत सरकत शेवटाला गेला.

"काकू, नका लावू ना," प्रियांका म्हणाली.

"मॅडमला ऐकू दे."

आणि राजेश्रीचा आवाज खोलीत भरला. तो तिचाच होता, पण इतका तोडून टाकणारा आवाज आपला असतो हे तिला माहीत नव्हतं. "साक्षी, हे तळ्याचं पाणी नाही. नळाचं घेतलंस ना? बाकीच्यांनी फसवलं तर मला काही वाटत नाही. आता तूही फसवायला लागलीस. पुन्हा कर. उद्या आठच्या आत फोटो पाहिजे, नाहीतर सरळ शून्य देईन."

प्रियांका उठून बाहेर गेली. अंगणातून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"मी हे पुसून टाकलं होतं," राजेश्री म्हणाली. "माझ्या फोनातून. तुमच्याही फोनातून पुसायला गेले होते. झालं नाही. ताई, मी तिला पाठवलं. मी असं बोलले नसते तर ती गेली नसती. हे सांगायला मी पहिल्याच दिवशी यायला पाहिजे होतं."

फोनचा पडदा आपोआप काळा झाला तशी चांगुणाबाईंनी तो उलटा करून मांडीवर ठेवला.

"तिनं नळाचं घेतलं न्हवतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तळ्याचंच आणलं व्हतं. पियूला घेऊन गेलती, दोघी मिळून आणलं. हिरवंगार पाणी. बाटली त्या खिडकीत ठेवली आन् शेळीला पाला आणायला गेली. मी बगितलं. म्हणलं, ही पोरगी मॅडमला असलं घाण पाणी दाखवती का? काय म्हणतील त्या, ह्यांच्या घरी असलं पाणी पितेत." त्यांनी माठाकडं बोट केलं. "त्याच फडक्यानं गाळलं. दुहेरी करून. मग तुरटी फिरवली. गाळ खाली बसू दिला आन् वरचं निवळ पाणी बाटली धुऊन परत भरलं. काचेवानी झालं मॅडम. मला लय बरं वाटलं."

"ती आली, थेंब घेऊन बसली. घंटाभर डोळा लावून बसलती. म्हणली, आई, कायच दिसंना. मी म्हणलं, दिसंल, नीट बग. मला काय माहीत त्यात काय बगायचं असतंय. मला वाटलं पाणी चांगलं हाय का न्हाई ते तपासायलेत. मग तुमचं हे आलं. ती रडायली. मी तर तळ्याचंच आणलं व्हतं, म्हणली. मी चुलीपाशीच व्हते. तवा बी माझ्या ध्यानात आलं न्हाई. बिलकुल आलं न्हाई. सकाळी उठून एकलीच गेली. मला म्हणली बी न्हाई."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तुमीच सांगितलं." चांगुणाबाईंनी फोन हातात घेतला, पण लावला नाही. "ह्याच्यातच हाय. वर्गाच्या गटात, सगळ्या पोरायला सांगितल्यालं. पाणी गाळू नका, गाळलं की त्यातलं सगळं जातंय. ते मी नंतर ऐकलं. तिला जाऊन वीस-बावीस दिस झालते तवा. तवा म्हणलं, अगं माय."

बाहेर प्रियांका कोंबड्यांना हाकलत होती, उगाचच.

"तुमचा मला राग व्हता," चांगुणाबाई म्हणाल्या. "लय व्हता. लबाड कामून बोलू. पण ते ऐकल्यापासून माझा मलाच यायला लागला. दोन-दोन राग घेऊन माणसानं कुठं बसावं? ह्यांना सांगितलं न्हाई मी. कोणालाच न्हाई. पण तुमाला सांगायचंच व्हतं. तुमच्या मनात असंल की साक्षीनं फसवलं. तिनं फसवलं न्हाई मॅडम. एवढंच. एवढ्यासाठीच रोज हात वर करायलते."

बारा दिवस. राजेश्रीने तो हात किती वेळा खाली केला ते तिला मोजता येईना. पडद्यावर पिवळा पंजा उगवायचा, आणि या टोकाला ही बाई पिठाच्या हाताने फोन धरून एक वाक्य बोलायची वाट पाहत बसलेली असायची. राजेश्रीला रडू आलं आणि ते तिने आवरलं नाही. चांगुणाबाईंनी तिला रडू दिलं. स्वतः मात्र त्या रडल्या नाहीत, बहुधा त्यांचं बरंच आधी होऊन गेलं होतं.

मग त्या उठल्या. खिडकीच्या कोनाड्यातून त्यांनी एक वस्तू दोन्ही हातांनी उचलून आणली आणि सतरंजीवर ठेवली. पेटीतली छोटी बाटली होती ती. झाकण नुसतं टेकवलेलं. आतलं पाणी पिवळट तपकिरी झालं होतं, वर साय धरली होती आणि कडब्याचे दोन बोटभर तुकडे तरंगत होते.

"ही काठावर घावली," चांगुणाबाई म्हणाल्या. "भरून, झाकण लावून. आधी बाटली वर ठेवली असंल तिनं, मग चढायला गेली असंल. पोलिसांनी घेतली न्हाई. म्हणले, ठेवा, पाणीच तर हाय."

राजेश्री बाटलीकडं पाहत राहिली.

"हे गाळलं न्हाई मी. हात बी लावला न्हाई. तुमी त्याच्यात म्हणलाव, जीव असतेत, त्यांना हवा लागती, उजेड लागतो, कडब्याचे दोन तुकडे टाका म्हंजे ते जगतेत. तसं केलं. पर मला बगता येत न्हाई. पियू म्हणली, मी बगते. मी म्हणलं, न्हाई. मॅडमच बगतील." त्यांनी फळीवरून साक्षीची पेटीही काढली. "बगता का?"

पेटीत सगळं जागच्या जागी होतं. काचपट्ट्या कापडात गुंडाळलेल्या, ड्रॉपर धुऊन ठेवलेला. तळाशी जर्नल होतं. नवव्या प्रयोगाच्या पानावर पॅरामेशियम या एकपेशी जीवाची आकृती आधीच काढून ठेवली होती, पेन्सिलीने, अंगावरचा एकेक केस वेगळा दिसेल अशी. समोरच्या पानावर 'निरीक्षण' एवढंच लिहून खालची जागा मोकळी होती.

राजेश्रीने सायीच्या खालून थेंब घेतला. एवढी वर्षं या कामात घालवूनही तिला झाकणपट्टी नीट ठेवता येईना, दोनदा हवेचा बुडबुडा राहिला. पुठ्ठ्याचा सूक्ष्मदर्शक घेऊन ती अंगणात आली, उन्हाकडं तोंड करून तिने डोळा लावला.

आधी काहीच नाही. पिवळसर उजेड आणि कडब्याचा एक जाड धागा. तिने काच थोडी सरकवली. परत उजेडच. चाळीसहून जास्त दिवस बाटलीत राहिलेलं पाणी, त्यात काय उरणार, असं तिच्यातली शिक्षिका म्हणाली. पाठीमागं चांगुणाबाई उभ्या होत्या, त्यांचा श्वास ऐकू येत होता. काही दिसलं नाही तर काय सांगायचं? खोटं सांगायचं? फसवलं म्हणून एका मुलीवर ओरडलेल्या बाईने इथं उभं राहून तिच्या आईला फसवायचं? तिने काच आणखी केसभर सरकवली.

धाग्याच्या आडून काहीतरी निघालं, गिरक्या घेत उजेड ओलांडून गेलं. मग दुसरं. मग धाग्याच्या दुसऱ्या बाजूला तर गर्दीच होती. एकमेकांना धडकत, मागं सरत, वळत, सगळे पळत होते.

"या," ती म्हणाली.

चांगुणाबाईंना सवय नव्हती. त्यांनी चुकीचा डोळा मिटला, मग दोन्ही मिटले. प्रियांकाने मागून येऊन त्यांच्या हाताला आधार दिला. "काकू, श्वास धरा जरा. आता बगा." बराच वेळ गेला. मग चांगुणाबाईंचं तोंड हळूच उघडं राहिलं.

"पळायलेत," त्या म्हणाल्या.

"हो."

"एवढे?"

"हो ताई."

"हे सगळं मी फडक्यात धरलं व्हतं." त्या डोळा न काढता म्हणाल्या. आणखी थोडा वेळ बघून त्यांनी सूक्ष्मदर्शक खाली घेतला. "आता बरोबर हाय का हे? तुमी मागितलं व्हतं तसं?"

"बरोबर आहे. अगदी बरोबर आहे."

"मला नका सांगू," चांगुणाबाई म्हणाल्या. "तिला सांगा."

त्या आत जाऊन साक्षीचा फोन घेऊन आल्या आणि उंबऱ्यावर ठेवला. राजेश्रीला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तिने पर्समधून स्वतःचा फोन काढला, साक्षीचं नाव शोधलं, उघडलं. तिच्या बाजूला मुंगीच्या पायाचा फोटो होता, नवव्याच्या आधीचे बाकी सगळे प्रयोग होते, शेवटी ती स्वच्छ काच होती. त्याखाली काही नव्हतं.

तिने माइकचं चिन्ह दाबलं आणि सोडलं. परत दाबलं, नुसता कोंबड्यांचा आवाज भरला, तो तिने जाऊ दिला. तिसऱ्यांदा ती अंगणाच्या टोकाला, शेवग्यापाशी गेली आणि दोघींकडं पाठ करून उभी राहिली.

"साक्षी," ती म्हणाली. "तुझं पाणी पाहिलं. तळ्याचंच आहे. पहिलंही तळ्याचंच होतं. तू फसवलं नव्हतंस, मी चुकले. आत्ताच्या थेंबात पॅरामेशियम खूप आहेत. तू काढलेत तसेच आहेत. नववा प्रयोग पूर्ण झाला."

तिने अंगठा उचलला. उंबऱ्यावरचा फोन वाजला.

तिघींनीही त्याकडं पाहिलं. चांगुणाबाई खाली बसल्या आणि पडद्यावर बोट न लावता तो निरखत राहिल्या.

"खाली आलं," त्या म्हणाल्या. "त्याच्या खाली. आजपतूर सगळ्यात खाली तेच व्हतं मॅडम. फोन उघडला की तेच. आता हे ऱ्हाईल."

"लावू का काकू?" प्रियांकाने विचारलं.

"आता नगं. मॅडमची गाडी हाय. मग लावते."

जायच्या आधी राजेश्रीने जर्नल मागितलं. 'निरीक्षण'च्या खाली तिने काही लिहिलं नाही, ती जागा साक्षीची होती. पानाच्या तळाशी सही केली, आजची तारीख घातली. चांगुणाबाईंनी पान ओलं असल्यासारखं फुंकर मारून वाळवलं आणि बाटली परत खिडकीत नेऊन ठेवली.

स्टेशनवर गाडीला उशीर होता. बाकावर एक म्हातारा वाटाण्याच्या शेंगा सोलत बसला होता, त्याने न विचारता चार शेंगा तिच्या हातावर ठेवल्या. राजेश्रीने फोन उघडला. निरोपाशेजारचं माइकचं छोटं चिन्ह अजून राखाडी होतं, म्हणजे तो अजून ऐकलेला नव्हता. तिने फोन बंद केला, शेंगा सोलून खाल्ल्या, परत उघडला.

चिन्ह निळं झालं होतं. वर साक्षीच्या नावाखाली 'ऑनलाइन' दिसत होतं. गाडी फलाटावर येईपर्यंत ते तसंच होतं.